कोल्हापुरातलं टेबल आणि कापलेला कीचकवध

गुरुवार रात्र, महालक्ष्मी एक्सप्रेस

कल्याणला गाडीत चढलो तेव्हा कपड्यांच्या पिशव्या कमी आणि पुठ्ठ्याचं सामान जास्त होतं. फोमबोर्डवर चिकटवलेले फोटो, सुतळी, लाकडी चिमटे, गडद निळा टेबलक्लॉथ, झेरॉक्सचे गठ्ठे आणि सोलापुरी चादरीत गुंडाळलेला एक लाकडी कॅमेरा. हा कॅमेरा आमच्या गटातल्या काकांनी सागाच्या फळ्यांतून केलेलं मॉडेल आहे. बाजूला हँडल, आत दातेरी चाक, चाकावरून सरकणारी कागदी पट्टी. वरचा बर्थ त्यालाच दिला.

आमचा गट जुन्या मराठी सिनेमाच्या चाहत्यांचा. कुणी बँकेतून निवृत्त, कुणी शाळेत शिकवतं, एक मुलगा ॲनिमेशनच्या पहिल्या वर्षाला. कोल्हापुरात पॉप कल्चरचं संमेलन भरतंय, कॉमिक्स, ॲनिमे, गेमिंग, कॉस्प्ले म्हणजे आवडत्या पात्रांचे वेश, सगळं एका छताखाली, आणि चाहत्यांच्या गटांना टेबलं मिळताहेत असं कळल्यावर अर्ज केला. विषयाच्या रकान्यात लिहिलं, ‘बाबूराव पेंटर आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी’. बाबूराव म्हणजे कोल्हापुरात मूकपट काढणारे चित्रकार, आणि ही त्यांची कंपनी. दोन दिवसांनी आयोजकांपैकी एका मुलाचा फोन आला. “ताई, विषय भारी हाय, पण आमच्याकडं सगळी कॉलेजची पोरं येणार. चालंल का?”

मी म्हटलं, चालवू. कोल्हापुरात नाही चालणार तर कुठे चालणार?

त्या मुलाची शंका मला पटत नव्हती, त्याला कारण आहे. अशा मेळाव्यांचा पायाच मुळी चाहत्यांच्या टेबलांवर उभा आहे. तोक्योचा कॉमिक मार्केट १९७५ च्या डिसेंबरात सुरू झाला तेव्हा जेमतेम ३२ गट होते आणि सातशेच्या आसपास माणसं. प्रत्येक गटासमोर स्वतः काढलेली, स्वतः छापलेली पुस्तिका. मोठे स्टॉल आणि नटनट्यांच्या सह्या ही सगळी पुढची गोष्ट. आपल्याकडे दिल्लीत २०११ साली कॉमिक कॉन सुरू झालं, मग मुंबई, बंगळूर, हैदराबाद, पुणे अशी साखळी लागली. तिथे स्टॉल पुष्कळ असतात, खरेदीही जोरात असते. पण नुसत्या आवडीपोटी मांडलेलं, काहीही न विकणारं टेबल शोधावं लागतं. आमचं तसं होणार होतं. विकायचं काही नाही, दाखवायचं आणि हातात द्यायचं.

शुक्रवार

मिरज गेलं की मी झोपत नाही. जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच गुऱ्हाळाचा धूर, आणि मग पंचगंगेचा पूल. जानेवारीतला गारवा खिडकीतून आत येत होता आणि रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या दिसत होत्या.

स्टेशनवरून रिक्षाने थेट मिसळ. इथे मिसळीबरोबर पावाच्या जागी ब्रेडचे स्लाइस येतात, आणि कट मागाल तेवढा. आमच्या ॲनिमेशनवाल्या मुलाने पहिल्या घासाला डोळे पुसले आणि दुसरी प्लेट मागवली.

संमेलन ताराबाई पार्कातल्या एका मोठ्या मंगल कार्यालयात होतं. दुपारी पोचलो तर आत नुसती धावपळ. इलेक्ट्रिशियन वायरी ओढतोय, स्टेजवर पोरं माइक तपासताहेत, एका कोपऱ्यात चार जण मिळून थर्माकोलचा ड्रॅगन उभा करताहेत. आमच्या वाट्याला आलेलं टेबल सहा फुटी, लग्नात वाढपाला लावतात तसलं. डाव्या हाताला स्टिकर आणि कीचेन विकणारी दोन कॉलेजची मुलं, उजव्या हाताला कॉस्प्लेवाल्यांचा अड्डा, म्हणजे आरसा, सेफ्टी पिना आणि ग्लू गन.

टेबल मांडणं ही कला आहे आणि ती आमच्या बँकवाल्या काकूंना येते. त्यांनी आयुष्यभर हौसेने प्रदर्शनं मांडली आहेत. पहिलं काम, खुर्च्या टेबलाच्या मागून काढून बाजूला भिंतीशी नेल्या. “मागे बसलं की आपण काउंटरवाले होतो. उभं राहायचं, आणि जमलं तर टेबलाच्या पुढे.” दुसरं, सगळ्यात देखणी वस्तू मधोमध ठेवायची नाही. मधोमध ठेवली की गर्दी तिथेच साचते आणि मागच्यांना काही दिसत नाही. म्हणून कॅमेरा उजव्या टोकाला, पुस्तिका डाव्या टोकाला, मध्ये फोटो. तिसरं, लहान मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर काहीतरी हवंच, म्हणून टेबलक्लॉथच्या पुढच्या पडद्यालाच चित्रं टाचली. आणि एक पाटी, ठळक अक्षरांत : ‘हात लावा.’

पुस्तिकेबद्दल थोडं सांगते, कारण त्यावर आम्ही महिनाभर खपलो होतो. ए-फोरचा एक कागद, मधोमध एक काप, आणि घडी घातली की आठ पानांची चिमुकली पुस्तिका होते. स्टेपलर नाही, डिंक नाही. हे आम्हाला सुचलं ते बाबूरावांमुळेच. १९२१-२२ च्या सुमारास ते आपल्या चित्रपटांबरोबर छापील पुस्तिका काढत, कथा आणि फोटो घातलेल्या. पोस्टर तर ते स्वतःच्या हाताने रंगवत. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या उपलब्ध सिनेपोस्टरांत गणलं जातं. सिनेमा फक्त पडद्यावर संपत नाही, तो प्रेक्षकाच्या हातात घरी गेला पाहिजे, हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं.

संध्याकाळी मोकळे झालो आणि पाय आपोआप केशवराव भोसले नाट्यगृहाकडे वळले. शाहू महाराजांनी बांधलेलं हे थिएटर, शेजारी खासबागचं कुस्तीचं मैदान. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत सापडलं. दुसऱ्या दिवशी संगीत नाटकांतले गायक-नट केशवराव यांची जयंती होती. त्या रात्री कोल्हापूरचे रंगकर्मी रस्त्यावर उभे राहून रडत होते, ती दृश्यं मी मोबाइलवर पाहिली होती. प्रत्यक्ष समोर उभं राहिल्यावर बोलवेना. काकूंनी चप्पल काढून नमस्कार केला.

बाबूराव आणि त्यांचे भाऊ आनंदराव या जगातूनच आले. संगीत नाटकांचे पडदे रंगवणारे हे दोघे, म्हणून तर मिस्त्री आडनाव मागे पडून ‘पेंटर’ झाले. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला आणि दोघांना सिनेमाने झपाटलं. विकत घेणं परवडणारं नव्हतं, मग आपला कॅमेरा आपणच करू म्हणून खटपट सुरू झाली. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी आपले शिष्य दामले यांना हाताशी धरून ते काम पुरं केलं आणि १९१८ च्या सुमारास कोल्हापुरात तयार झालेला कॅमेरा चालू लागला. माझ्या मते हे दोघे भाऊ आधी चाहते होते, मग बाकी सगळं. आवडलेली गोष्ट उघडून बघणं, तिचे दाते मोजणं, स्वतःच्या हाताने पुन्हा करणं. आमचं टेबल मला याच एका गोष्टीसाठी मांडायचं होतं.

शनिवार

दहाला दरवाजे उघडणार होते, साडेनऊलाच रांग रस्त्यापर्यंत गेली. आणि मग एकदम सगळं आत आलं. टोप्या, झगे, लाकडी तलवारी, निळे केस, हिरवे केस, कडेवर लहान भावंडं, मागून पिशव्या सांभाळणाऱ्या आया. आवाज इतका की पहिल्या अर्ध्या तासात घसा बसायला लागला. स्टेजवरून कुणीतरी सारखं “नाद खुळा!” ओरडत होतं आणि हॉल ओरडून उत्तर देत होता.

आमच्या टेबलाशी पहिला आला तो सात-आठ वर्षांचा मुलगा. पाटी वाचली, आईकडे बघितलं, आणि हँडल धरलं.

“फिरवू?”

“फिरव की.”

त्याने गरागरा फिरवलं. पट्टी फडफडली आणि अडकली. काकांनी पट्टी सरळ केली आणि त्याला सांगितलं, “बाळा, सेकंदाला दोन फेरे. मनात म्हण, एक-दोन, एक-दोन.” मूकपटाच्या काळात कॅमेऱ्यावर मोटर नसे. कॅमेरामन हाताने हँडल फिरवायचा, एका फेऱ्यात आठ चौकटी, दोन फेऱ्यांत सोळा. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी बसतात, म्हणजे एका सेकंदाला एक फूट फिल्म. हात जरा घाईत आला की पडद्यावरची माणसं मंद चालायची, हात रेंगाळला की तीच माणसं पळत सुटायची. पोरांना हे सांगितलं की त्यांचे डोळे लकाकायचे. पडद्यावरच्या माणसाची चाल आपल्या मनगटात आहे, ही गोष्ट त्यांना फार आवडली.

दिवसभरात कितीतरी हातांनी ते हँडल फिरवलं. तालमीतली दोन तगडी पोरं आली, त्यांच्या हाताला वेग आवरेना. एका आजोबांनी सुरेख सुरुवात केली पण बोलायला लागले की हात थांबायचा. सगळ्यात अचूक हात कुणाचा निघाला? नातवाला घेऊन आलेल्या एका मावशींचा. आमच्या ॲनिमेशनवाल्या मुलाने मोबाइलवर सेकंद लावले होते. मावशींचा हात पूर्ण मिनिटभर तसूभर हलला नाही. त्याने विचारलं, “मावशी, हे कसं काय जमलं?”

“अवो, चाळीस वर्सं शिलाई मशीन चालिवतोय मी. हाताचं मशीन होतं आधी.” आणि हँडल सोडून पुस्तिका घेतली, चष्मा लावला, तिथेच उभ्याने पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. तानीबाई कागलकरांच्या नावाशी थांबल्या. गायिका तानीबाईंनी या कंपनीला भांडवल पुरवलं होतं. “बाईनं पैसं घातलं व्हय ह्यात?” असं म्हणत त्यांनी अजून दोन पुस्तिका मागून घेतल्या, सुनेला आणि लेकीला.

‘सावकारी पाश’च्या फोटोपाशी मोठी माणसं थबकत होती. १९२५ चा चित्रपट. सावकाराने जमीन गिळलेला शेतकरी आणि त्याने धरलेली शहराची वाट. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. टोपी घातलेले एक गृहस्थ, मुलाच्या हट्टापायी आलेले, हा फोटो बराच वेळ बघत राहिले. “हे त्या काळात काढलं?” एवढंच विचारलं आणि मुलाला जवळ ओढून त्याला फोटो दाखवला.

उजवीकडच्या अड्ड्यावर उचगावची एक मुलगी होती, अकरावीतली. अंगावर जपानी योद्ध्याचं चिलखत. मी आधी समजले विकत आणलंय. जवळून पाहिलं तर योगा मॅटचा फोम, हीट गनने वळवलेला, वर काळा आणि तांबडा रंग, कडांना सोनेरी रेघ. खांद्याचा पत्रा हात वर केला की उचलला जायचा आणि खाली केला की बरोबर जागेवर बसायचा. आत ॲल्युमिनियमची बिजागरी होती, नखाएवढ्या स्क्रूने बसवलेली.

“बिजागरी कुठे मिळाली अशी?”

“मिळाली न्हाई ताई. पप्पांच्या लेथवर केली. पहिल्या तीन वाया गेल्या, वजनच पेलंनात. मग पप्पा म्हणाले जाडी वाढव, आणि भोक मधी न घेता कडंला घे.” तिच्या वडिलांचं उद्यमनगरला वर्कशॉप. बोलता बोलता तिने आमच्या कॅमेऱ्याचं झाकण उघडलं, आत डोकावली आणि काकांना म्हणाली, “तुमची पट्टी अडकत्या त्याचं कारण ह्यो दाता. एकच दाता मोठा झालाय. कानस हाय का?” आमच्याकडे नव्हती. तिच्या पिशवीत होती. काकांनी कॅमेरा तिच्यापुढे सरकवला आणि अंगावरच्या चिलखतासकट ती मुलगी खाली मांडी घालून दाता घासत बसली. त्यानंतर पट्टी अडकली नाही.

दुपारी गर्दी जरा सैल झाली तेव्हा एक मुलगा आला. काळा टी-शर्ट, गळ्यात स्केचबुक. फोटो बघितले, पुस्तिका उभ्याने वाचून काढली, आणि सरळ विचारलं.

“ताई, ह्यातले पिक्चर बघायला कुठं मिळतील?”

मला खरं तेच सांगायचं होतं. मूकपटाच्या काळात आपल्याकडे हजारावर चित्रपट निघाले आणि त्यातले फार थोडे, तेही बरेचसे तुकड्यांत, आज शिल्लक आहेत. ती फिल्म नायट्रेटची, भुरकन पेट घेणारी. काही जळल्या, काही सडल्या, काहींमधली चांदी काढून घेतली गेली. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला ‘सैरंध्री’ तर आज नाहीच.

“म्हणजे जे पिक्चर तुम्हीपण बघितले न्हाईत, त्याचे तुम्ही फॅन?”

त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. त्याला खरोखर कळून घ्यायचं होतं, आणि प्रश्न रास्त होता. मी त्याला ‘सैरंध्री’ची हकिकत सांगितली. १९२० साल. पुण्यात चित्रपट लागला, टिळकांनी पाहिला आणि बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या, तेही त्या काळात. आणि भीम कीचकाला मारतो तो प्रसंग इतका अंगावर येणारा झाला होता की पुढे तो कापावा लागला.

“म्हणजे उद्या पिक्चर सापडला तरी तो सीन नसणार?”

“बहुतेक नसणार.”

“मग तो कसा होता हे कुणालाच म्हाईत न्हाई.”

“नाही.”

तो गप्प झाला. कॅमेऱ्याकडे गेला, चार-दोन फेरे फिरवले, ‘येतो’ म्हणाला आणि गर्दीत दिसेनासा झाला.

रात्री तांबडा-पांढरा रस्सा ओरपताना आमच्यात हीच चर्चा. काकूंचं म्हणणं, न पाहिलेल्या गोष्टीवर प्रेम करता येतं, आपण अख्खं आयुष्य महाभारतावर करतो. काकांचं म्हणणं वेगळं. त्यांना चित्रपटापेक्षा तो कॅमेरा करणारे हात जास्त जवळचे वाटतात, आणि त्या हातांचं काम अजून समजून घेता येतं. मला दोघांचंही पटलं, पण त्या मुलाला द्यावं असं उत्तर त्यात सापडेना.

रविवार

उत्तर तोच घेऊन आला. सकाळी अकराच्या सुमारास स्केचबुकमधला एक कागद फाडून टेबलावर ठेवला. तीन चौकटी, काळी शाई, जपानी कॉमिक्सच्या ढंगाने. पहिल्या चौकटीत नुसता अंधार आणि पलंगाची कड. दुसरीत कीचकाचा हात, बोटात अंगठी, पुढे झालेला. तिसरीत त्या मनगटाभोवती दुसरा हात आवळलेला, दुप्पट रुंद, आणि कीचकाचा एकच डोळा, उघडा.

“विराटाच्या नृत्यशाळेत रात्री अंधार असतोय, सैरंध्रीच्या जागी भीम झोपलेला असतोय. म्हणजे कीचकाला काय दिसणारच न्हाई, आधी हाताला कळणार,” तो म्हणाला. “मला वाटतंय बाबूरावांनी असंच काढलं असंल. नसंल काढलं तर नसंल. पण मी असं काढलं असतं.”

मी काय बोलणार? काकूंनी सुतळी काढली, भिंतीच्या दोन खिळ्यांना बांधली आणि लाकडी चिमट्याने तो कागद मधोमध लटकवला. मग मला म्हणाल्या, “पाटी लिही.” पुस्तिकेच्या कोऱ्या पाठीवर स्केचपेनने लिहिलं : ‘१९२० साली कापलेला प्रसंग. तुम्ही काढाल तो कसा?’

पुढचे पाच-सहा तास आम्हाला पाणी प्यायलाही उसंत मिळाली नाही. स्टिकरवाल्या पोरांनी आपले कागद आणि पेनं दिली. कथा कुणालाच सांगावी लागली नाही. हॉलमध्ये आलेल्या प्रत्येक मुलाला भीम, कीचक, द्रौपदी ठाऊक होते, जपानी वेशातल्यांनासुद्धा. एकाने भीमाला कोल्हापुरी पैलवान केलं, खासबागची माती आणि ढाक डाव. एकाने फक्त दरवाजा काढला, खालच्या फटीतून येणारा उजेड, आणि वर मोठ्या अक्षरांत ‘धडाम’. एका लहानग्याने कीचकाचा चेंडू केला होता, आणि त्याच्या आजीने मला समजावलं की कथेत खरंच तसं आहे, भीमाने त्याचे हातपाय धडात कोंबले होते. आजी आमच्यापेक्षा जास्त जाणत होत्या.

चिलखतवाल्या मुलीचं चित्र मला अजून दिसतं. तिने मारामारी काढलीच नाही. बाहेर, खांबाला टेकून उभी राहिलेली द्रौपदी. पाठीमागे भिंतीवर दोन सावल्या झुंजताहेत आणि तिची नजर सरळ आपल्याकडे. चेहऱ्यावर ना भीती, ना आनंद. मी विचारलं, हिला आत काय चाललंय ते बघायचं नाही का?

“तिनंच ठरवलंय की सगळं,” मुलगी म्हणाली. “ती आता वाट बघत्या. संपलं की राखणदारांना तीच सांगणार हाय, या, बघा म्हणून.”

महाभारतातही तेच आहे. कीचक मेल्यावर पहारेकऱ्यांना द्रौपदीच बोलावते.

दुपारनंतर एक वयस्कर गृहस्थ आले, खिशात चष्म्याची डबी, बोटांच्या नखांत जुना रंग. दुकानांचे बोर्ड रंगवण्यात हयात गेलेली, आता फ्लेक्समुळे काम थांबलेलं. दोरीवरची चित्रं त्यांनी एकेक करून पाहिली, मग आमच्या पाटीकडे बोट दाखवलं. “अक्षर असलं नको. चित्रं एवढी भारी, आणि पाटी स्केचपेनची?” ॲनिमेशनवाला मुलगा पोस्टर कलर आणि चपटा ब्रश घेऊन धावला. मामांनी आधी दोऱ्याला खडू घासला, एक टोक माझ्या हातात दिलं, दोरा ताणला, मधे चिमटीत उचलून सोडला. टक् असा आवाज आणि पुठ्ठ्यावर सरळ पांढरी रेघ. दोन रेघा, वर शिरोरेषा, खाली पाया. पेन्सिल नाही. डाव्या हातात आधाराची काठी, तिच्यावर उजवं मनगट, आणि ब्रश. ‘की’ची वेलांटी त्यांनी एका झटक्यात घेतली, वर बारीक, वळणावर जाड, पुन्हा बारीक. भोवती तीस-चाळीस पोरं आवाज न करता उभी. ‘कीचकवध’ लिहून झाल्यावर मामांनी खाली तांबड्याने सावली दिली आणि अक्षरं पुठ्ठ्यातून उठून बाहेर आली.

“परत एकदा दाखवा की मामा,” स्केचबुकवाला म्हणाला. मामांनी ब्रश त्याच्या हातात दिला आणि त्याचं मनगट काठीवर ठेवून दिलं. पहिली वेलांटी फाटली, दुसरी बरी आली, तिसरीला मामांनी मान हलवली. संमेलन संपायची घोषणा झाली तेव्हाही दोघे तिथेच होते. हॉलचे लोक टेबलं उचलायला आले, तर त्यांनी आमचं टेबल सगळ्यात शेवटी उचललं, मामांचं ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ पुरं होईपर्यंत थांबून. त्या दोघा-तिघा कामगारांचे मी मनापासून आभार मानले.

पाय सुजले होते. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जाऊन समोर काढलेलं म्हशीचं धारोष्ण दूध प्यायलो आणि लॉजवर जाऊन आडवे झालो.

सोमवार

सकाळी अंबाबाईचं दर्शन, मग खरी कॉर्नर. तिथे कॅमेरा स्तंभ आहे, कोल्हापूरच्या चित्रपटाची आठवण म्हणून उभारलेला. आजूबाजूला रहदारी, भाजीच्या गाड्या, शाळेच्या रिक्षा. स्केचबुकवाला आणि त्याचे दोन मित्र आधीच येऊन थांबले होते. इथून पुढे ते आम्हाला पेठांतून फिरवणार होते, पण रस्ताभर तेच प्रश्न विचारत राहिले. प्रभात कंपनी इथेच का सुरू झाली? मग पुण्याला का गेली? १९२९ साली शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर हे बाबूरावांचेच सहकारी बाहेर पडले, सराफ असलेले सीतारामपंत कुलकर्णी त्यांच्याबरोबर आले आणि प्रभात उभी राहिली. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट कोल्हापुरातच तयार झाला, पुढच्या वर्षी कंपनी पुण्याला गेली. पोरांना हे सगळं ऐकून आनंद झाला आणि थोडा रागही आला, कारण शाळेत यातलं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तो राग मला रास्त वाटतो. पन्हाळा-जोतिबा दाखवायला नेतो तसं पोरांना खरी कॉर्नरलाही आणायला हवं.

दुपारी उद्यमनगर. चिलखतवाल्या मुलीच्या वडिलांचं वर्कशॉप म्हणजे दोन लेथ, एक ड्रिल, आणि वंगणाचा वास. काकांनी कॅमेरा बरोबर आणला होता. वडिलांनी तो उलटा-पालटा करून बघितला, लाकडी चाक काढलं, व्हर्निअरने मोजलं आणि म्हणाले, “हे पितळेचं पायजे. लाकूड पावसाळ्यात फुगणार.” गप्पा मारत मारत त्यांनी जाड पितळी चकती लेथला लावली. दाते पाडायचं काम दुसऱ्याकडे, चार दुकानं सोडून. मुलगी चकती घेऊन तिकडे गेली ती संध्याकाळी चाक घेऊनच आली. पैसे घ्यायला ते तयार नव्हते. शेवटी पितळेचे तेवढे घेतले.

चित्रांचं काय करायचं हा प्रश्न होता. आम्ही ती मुंबईकडे नेणार नव्हतो, ती कोल्हापूरची आहेत. स्केचबुकवाल्याने सगळे कागद फाइलमध्ये घातले आहेत, स्कॅन करून त्यांचीच आठ पानी पुस्तिका करायची म्हणतो. मुखपृष्ठाची अक्षरं बोर्डवाले मामा लिहिणार, आतलं शेवटचं पान द्रौपदीचं. पुढच्या वर्षी टेबलाचा अर्ज ही पोरं स्वतःच्या नावावर करणार आहेत आणि आम्ही त्यांच्या हाताखाली काम करणार आहोत. पितळी चाकाचा कॅमेरा तोवर उद्यमनगरातच राहील. काकांनी मुलीला दोनच गोष्टी बजावल्या, दर महिन्याला तेलाचे दोन थेंब आणि पट्टी नेहमी कोरडी. रात्री नऊच्या सुमारास महालक्ष्मी सुटली, वरच्या बर्थवर काका झोपले.